वाड्याच्या परसात जुनी नाणी शोधताना

जुन्या नाशकात एखादा वाडा उतरवायला काढला की दोन गोष्टी ठरलेल्या. सागवानी तुळयांचा भाव विचारत जुन्या लाकडाचे व्यापारी उंबऱ्यात येतात आणि गल्लीत हंड्याची गोष्ट सुरू होते. कुणा पणजोबांनी मोहरांचा हंडा तळघरात पुरलेला, त्यावर नाग बसलेला आणि तो दिसणार फक्त पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाला. आमच्या आत्याच्या सासरच्या वाड्याचीही हीच गोष्ट होती. मी काही पायाळू नाही. मेटल डिटेक्टर घेऊन तीन हिवाळे तिथल्या परसात फिरलो आणि हाती आली ती २६ नाणी, एक जोडवे, अडकित्त्याचे एक पाते आणि पाटीभर खिळे. हंडा काही भेटला नाही.

त्या २६ नाण्यांपैकी १९ जिथे निघाली ती जागा ८२ वर्षांच्या आत्याने ओट्यावर बसल्या बसल्या दाखवली होती. यंत्राने नंतर फक्त होकार भरला. म्हणून या लेखात यंत्र जरा उशिरा येईल.

आधी कागद

वाडा ‘आपला’ आहे म्हणजे खणायची मोकळीक आहे, असे समजू नका. सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड काढून बघा. एकेका वाड्यावर चार पिढ्यांची नावे चढलेली असतात. एक चुलत भाऊ पुण्यात, एक बहीण इंदूरला, वर दोन जुने भाडेकरू. ज्यांची ज्यांची नावे आहेत त्या सगळ्यांची लेखी संमती घ्या. त्यात तारखा, कोणत्या भागात खणणार, किती खोल खणणार आणि काही सापडले तर काय करायचे, हे स्पष्ट लिहा. भाऊबंदकी सोन्यावरून होते असे थोडेच आहे, एका चांदीच्या दोन आण्यावरूनही होते.

मग कायदा. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते: वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कुठे सापडली, कधी सापडली. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागाल तेव्हा हजर करू अशी हमी द्यायची. दहा रुपयांची ही मर्यादा १८७८ मधली. आज बऱ्यापैकी शिवराईलाही, म्हणजे मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्यालाही, बाजारात त्याहून जास्त मिळतात, तेव्हा ‘आमचे किरकोळच आहे’ ही सबब टिकत नाही. कळवले नाही तर सापडणाऱ्याचा वाटा तर जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. जागामालकाने लपवायला मदत केली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत.

कळवल्यावर काय होते, तेही सांगतो, कारण लोकांची भीती तिथेच असते. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात, चार ते सहा महिन्यांनंतरची सुनावणीची तारीख देतात आणि दावेदारांना बोलावतात. निधी बेवारस ठरला आणि जागामालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश मालकाचा. सरकारला तो हवा असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घेता येतो. आम्ही दर हंगामाच्या शेवटी यादी जोडून अर्ज दिला आणि प्रतीवर आवक-शिक्का घेतला. एवढा एक शिक्का गल्लीतल्या दहा तोंडांना पुरतो.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेषांचा. शंभर वर्षांहून जुने नाणे त्यात पुरावशेष ठरते. ते देशाबाहेर नेता येत नाही आणि अशा वस्तूंचा विक्रीव्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. परदेशातल्या भाच्याला ‘आठवण’ म्हणून शिवराई पाठवायचा विचार मनात असेल तर काढून टाका.

संरक्षित जागांवर यंत्र न्यायचेच नाही. पांडवलेणी, त्र्यंबकेश्वराचे देऊळ, सिन्नरचा गोंदेश्वर ही केंद्राकडे. सरकारवाडा आणि सुंदरनारायण मंदिर राज्याकडे. आपला वाडा अशा वास्तूला लागून असेल तर राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयात आधी विचारा. गंगाघाट, म्हणजे गोदावरीचा घाट, आणि नदीपात्र कुणाच्या परसात येत नाही, तिथली परवानगी तुमची आत्या देऊ शकत नाही. आणि मातीच्या गढीकडे, म्हणजे नाशकातल्या पुरातन वस्तीच्या टेकाडाकडे, तर फिरकूही नका. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले ते थर मोजत, कोणती वस्तू कोणत्या थरात होती हे टिपत. खुरप्याने उकरलेल्या थराची ती नोंद पुन्हा कधीच होत नाही.

शेजाऱ्यांना आधी सांगा आणि उजेडीच खणा. रात्री कंदील लावून परसात दोन माणसे वाकलेली दिसली की ‘गुप्तधन काढतायत’ एवढेच पुरे. गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठी राज्यात २०१३ पासून कायदा आहे आणि पोलिसांना असा फोन गेला तर ते येणारच.

वाडा वाचायचा

पहिल्या दिवशी मी चौकात सुरुवात केली. मधोमध मोकळी जागा, चारी बाजूंनी ओसरी. माणसांची ये-जा इथेच जास्त असणार, असा माझा हिशेब. तासभर फिरलो, दोन खिळे आणि सोडावॉटरचे एक बूच.

“चौकात काय शोधतोस रे?” आत्या ओट्यावरून म्हणाली. “इथं फरशी. पैसा पडला की वाजतो, वाजला की कुणीतरी उचलतो. मातीत पडलेला वाजत नाही. तोच राहतो.”

यापेक्षा नेमके सूत्र मला नंतर कुठे मिळाले नाही. जिथे पैसा हाताळला जायचा आणि पडला तर आवाज व्हायचा नाही, अशा जागा शोधायच्या. त्यासाठी कागदावर वाड्याचा आराखडा काढा: दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर, न्हाणी, मोरी, विहीर, गोठा, परस, मागचे दार. मग घरातले सगळ्यात म्हातारे माणूस शेजारी बसवा आणि विचारा. पैसे कुठे असतील, असे विचारू नका, लगेच हंड्याची गोष्ट सुरू होईल. रोज सकाळी कोण कुठे बसायचे, धुणे कुठे व्हायचे, केर कुठे टाकायचे, भाजीवाली कोणत्या दाराला यायची, हे विचारा.

आत्याने सांगितले ते असे. मामंजी मागच्या न्हाणीपाशी उघड्यावर आंघोळ करायचे, धोतर सोडताना कनवटीचा पैसा तिथेच घरंगळायचा आणि मग दिवसभर घरातल्या पोरांवर संशय. बायका परसातल्या दगडावर धुणे धुवायच्या. पदराच्या गाठीत किंवा सदऱ्याच्या खिशात राहिलेला पैसा कपडा आपटताना उडून लांब मातीत जायचा. दगड आता जागेवर नव्हता, कुणीतरी तो पायरीला लावला होता. पण मोरीचे पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळ होती. तिच्या तोंडापासून आत्याने हातवारे करून जागा दाखवली आणि तिथे दोरीने साधारण तीन मीटरचे वर्तुळ आखले. १९ नाणी त्या वर्तुळातली. बहुतेक दगडाच्या एकाच बाजूला, जिकडे धुणाऱ्या बाईचे तोंड असणार, त्या बाजूला.

बाकीच्या जागा थोडक्यात. देवडीच्या ओट्याखाली, जिथे पुरुष पान खात बसायचे. मागच्या दाराची पायरी, तिच्या दगडांमधल्या फटी. परसातले मोठे झाड, कारण पोरे सावलीतच खेळतात. आणि उकिरडा. घरात हरवलेला पैसा केरसुणीने केरात जातो, केर उकिरड्यावर, आणि उकिरड्याचे खत गाडीतून शेतावर. शेतात एकटे-दुकटे जुने नाणे सापडते त्यामागे पुष्कळदा एवढीच कथा असते.

पडलेल्या भिंतीच्या मातीत काही मिळाले तर जपून. जुन्या लोकांच्या बोलण्यात शेत म्हणजे काळी आणि वस्ती म्हणजे पांढरी. राखेने, शेणामातीने, पडक्या घरांच्या चिखलाने पांढुरकी झालेली ती जुन्या वस्तीची माती भिंतींना आणि धाब्याला वापरायचे. म्हणजे तुमच्या भिंतीतली माती गावातल्या भलत्याच, पुष्कळ जुन्या जागेतून आलेली असू शकते. तिच्यात खापराचे तुकडे, मणी, एखादे नाणेही असते. ते नाणे वाड्याचे वय सांगत नाही. पाकिटावर ‘भिंतीच्या मातीतून’ असे वेगळे लिहा.

नाशिकला आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी लागते: पूर. गोदावरीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले, खांद्याला लागले, यावर आपल्याकडे पुराची मोजदाद चालते. १९६९ चा पूर म्हाताऱ्यांना आठवतो, २००८ चा सगळ्यांनाच. सखल भागातल्या वाड्यांच्या परसात प्रत्येक पुराने गाळाचा थर चढवला किंवा वरची माती धुऊन नेली. तुमच्या परसात पाणी आले होते का, किती आले होते, नंतर गाळ उपसला की तसाच पसरला, हे विचारून घ्या. वीतभर गाळ बसला असेल तर शंभर वर्षांपूर्वीची जमीन त्याखाली आहे आणि साधे यंत्र तिथे पोचणार नाही.

काही जागा सोडायच्या. वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची प्रतिमा पंचरत्नांसकट जमिनीत ठेवतात, बहुधा आग्नेय कोपऱ्यात. तिथे यंत्र वाजले तर वाजू द्या. तुळशीवृंदावनाचा पायाही तसाच. कललेल्या मातीच्या भिंतीजवळ तर खणूच नका, पावसाळ्यात नव्हे आणि उन्हाळ्यातही नव्हे. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात वाड्याची भिंत पडल्याची बातमी असते. तिच्या पायाशी केलेला वीतभर खड्डाही तिला पुरतो.

दिवस कोणते

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती हवी. जमिनीत ओल आहे, पण माती खुरप्याला चिकटत नाही. दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंतचे दिवस उत्तम. वैशाखात काळी माती दगड होते आणि भेगा पडतात, तर आषाढात तिचा चिखल होतो. ओलसर जमिनीत नाण्याचा इशाराही अधिक स्पष्ट मिळतो. पडक्या भागात विंचू असतात, तेव्हा बूट आणि जाड हातमोजे घाला. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन किती वर्षे झाली तेही आठवा. गंजलेले खिळे आपल्याला शोधायचे नसले तरी ते आपल्याला शोधतात.

यंत्र

डिटेक्टरच्या खालच्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, उलटसुलट वाहणारी वीज असते. तिच्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचे प्रत्युत्तर किंचित उशिरा परत येते. किती उशिरा, त्यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते. तांबे आणि चांदी वीज उत्तम वाहून नेतात, त्यांचा सूर बहुतेक यंत्रांवर उंच आणि आकडा मोठा. लोखंड घोगरे वाजते.

खेळण्यातले यंत्र घेऊ नका. जमिनीशी जुळवून घेण्याची सोय, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, त्यात असलीच पाहिजे. आपली जमीन बेसॉल्टची. त्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असते आणि एखादा धोंडा नाण्यासारखा वाजून तासभर खेळवतो. स्वच्छ जागा बघून कॉइल जमिनीवर वर-खाली करत यंत्र शांत होईपर्यंत जुळवा आणि माती बदलली की पुन्हा जुळवा. परसातून भिंतीच्या ढिगाऱ्याकडे गेलात तरी. संवेदनशीलता पूर्ण वाढवायचा मोह टाळा. यंत्र सारखे पुटपुटत असेल तर एक घर खाली आणा.

वाड्याभोवती लहान कॉइल बरी, सहा इंचांच्या आसपासची. मोठी कॉइल खोल जाते खरी, पण तिच्या खाली एकाच वेळी पाच खिळे येतात आणि त्यांच्या गोंगाटात नाणे बुडते. लोखंड पूर्ण गाळायची सोय असते, तीही फार वापरू नका. पहिल्या हिवाळ्यात मी सगळे लोखंड गाळून फिरलो आणि धुण्याच्या दगडाची जागा जवळजवळ कोरी निघाली. दुसऱ्या वर्षी गाळणी काढून त्याच जागी सावकाश फिरलो तर खिळ्यांच्या घोगऱ्या आवाजांत अधूनमधून चिमणीसारखा उंच सूर. नाणी खिळ्यांना खेटून होती.

नाणे कसे वाजते ते आधी शिका. परसाच्या कोपऱ्यात एक भोकाचा पैसा, एक तांब्याची जुनी चकती, चांदीचे जोडवे, एक खिळा, पत्र्याचे बूच आणि अ‍ॅल्युमिनियमचे दहा पैसे ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर पुरा, खुणेला काड्या रोवा आणि त्यावर दोन संध्याकाळी घालवा. दहा पैशाचे ते नाणे माझ्या यंत्रावर तांब्याच्या जवळचा आकडा दाखवून फसवते. नाण्याएवढ्या वस्तूसाठी १५ ते २० सेंटिमीटर म्हणजे साधारण हद्द समजा. ‘सहा फुटांवरचे सोने दाखवते’ असे सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे.

फिरवणे आणि खणणे

परसात दोऱ्या ताणून दोन-दोन मीटरचे चौकोन करा. कॉइल जमिनीला समांतर, दोन बोटे वर, झाडूसारखी टोकाला न उचलता. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढला पाहिजे. एक चौकोन उत्तर-दक्षिण झाला की तोच पूर्व-पश्चिम. एका दिशेने वाजते आणि दुसरीने गप्प बसते ते बहुधा लोखंड. दोन्हीकडून सारखे वाजते ते खणण्याजोगे. कानाला हेडफोन लावा, नाहीतर प्रत्येक सुराला गल्लीतली पोरे धावत येतील.

जागा सापडली की कॉइल आडवी-उभी फिरवून मध्य पक्का करा. खुरप्याने तीन बाजूंनी चीर द्या, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून मातीचा ढेपसा उलथा. सगळी माती तरटावर, इकडेतिकडे नाही. आधी ढेपसा तपासा, मग खड्डा. हातातले छोटे शोधक यंत्र असेल तर इथे फार वेळ वाचतो. नाण्याचा सुगावा लागला की लोखंडी हत्यार बाजूला ठेवून बोटांनी किंवा बांबूच्या चिपाटाने माती सरकवा. खुरप्याचा ओरखडा नाण्यावर कायमचा राहतो.

नाणे दिसल्यावर उचलायची घाई असते, तेव्हाच थांबा. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. खोली मोजा. मग दोन पक्क्या खुणांपासून अंतर मोजा. आम्ही मागच्या दाराचा उंबरठा आणि विहिरीचा काठ धरले होते. दोन अंतरे आणि चौकोनाचा क्रमांक असला की कागदावर बिंदू पक्का बसतो. नाणे उचलल्यावर खड्ड्यावरून कॉइल पुन्हा फिरवा. एकाखाली दुसरे असते, पदराच्या गाठीतून दोन पैसे एकत्र सांडलेले. मग माती भरून ढेपसा दाबा, पाणी शिंपडा. पाण्याचे पाइप आणि विजेच्या तारा कुठून जातात हे आधी विचारा. मी एकदा पाइपला खुरपे लावले आणि तो दिवस प्लंबर शोधण्यात गेला.

एका जागी तीन-चारपेक्षा जास्त नाणी दिसली, किंवा गाडग्याचा, लोट्याचा काठ लागला, तर तिथेच हात थांबवायचा. काही बाहेर काढायचे नाही. फोटो घ्या, माती हळू वर ढकला, ताडपत्री टाका, कुणाला तरी राखणीला बसवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला व पुरातत्त्व विभागाला त्याच दिवशी कळवा. एकत्र ठेवलेली नाणी एकत्रच बोलतात. आपल्या जिल्ह्यातले जोगलटेंभीचे उदाहरण घ्या. १९०६ मध्ये तिथे १३,००० हून जास्त चांदीची नाणी एकत्र मिळाली. सगळी मुळात क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला. नहपानाचे राज्य कुणी घेतले याचा हा धातूतला पुरावा. हीच नाणी दोन-दोन, चार-चार करून सराफांकडे पांगली असती तर?

ओळख

घरी आल्यावर तीन गोष्टी करा: वजन, व्यास, चुंबक. सराफी काट्यासारखा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा तराजू आणि व्यास मोजायला व्हर्नियर पुरे. तिरप्या उजेडात, टॉर्च आडवी धरून, घासलेली अक्षरे वर येतात.

चुंबकाला चिकटले म्हणजे आजचे, असे मानू नका. रामकुंडावर पोरे दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढतात, ती हल्लीची स्टीलची. पण १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा, तोही चिकटतो. तांबे, कांसे, चांदी चिकटत नाही.

सगळ्यात जास्त भेटणारी पाहुणी शिवराई. जाड तांब्याची, ओबडधोबड. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच बसतो. ‘श्री’चा अर्धा वेलांटीचा फराटा, ‘त्र’चा पाय, एवढ्यावर ओळखायचे. मजकुराच्या मध्ये दोन आडव्या रेघा असल्या तर ती दुदांडी, उत्तरकाळातली. शिवराई सापडली म्हणजे महाराजांच्या काळातली असे लगेच जाहीर करू नका. पुढे छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही त्याच नावाने ती पडत राहिली आणि इंग्रजी अमल बसल्यावरही दख्खनच्या बाजारात बराच काळ चालली.

फारसी अक्षरांचा रुपया मिळाला तर तो मोगलीच असेही नाही. मराठ्यांच्या टांकसाळी दिल्लीच्या बादशहाच्या नावानेच रुपये पाडत. नाशिकचे त्या नाण्यांवरचे नाव गुलशनाबाद, चांदवडचे जफराबाद, आणि तिथला तो चांदोरी रुपया. असे नाणे हातात आले तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत दाखवून घ्या. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर आपल्या दारात अशी संस्था आहे आणि तिथले नाणेसंग्रहालय पाहिलेले नाशिककर थोडेच.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातल्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू असतो आणि पारड्यांच्या मधल्या जागेत फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय. १८३५ पासून कंपनीने सगळीकडे एकसारखी नाणी काढली. त्या मालिकेतला पाव आणा ६.४८ ग्रॅमचा, रुपया ११.६६ ग्रॅमचा, आणि चांदीचे दोन आणे, चार आणे, आठ आणे त्याच प्रमाणात. १८६२ पासून तांब्याच्या नाण्यांवरही राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा. १८७७ च्या आधी ‘क्वीन’, नंतर ‘एम्प्रेस’. १९०६ मध्ये पाव आणा तांब्याचा कांस्याचा झाला आणि ४.८६ ग्रॅमवर उतरला, म्हणजे वर्ष घासलेले असले तरी तराजू सांगतो ते कोणत्या बाजूचे. मातीने खाल्लेले नाणे थोडे हलके भरेल, तेवढी सूट द्या. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ चा, जेमतेम दोन ग्रॅमचा. १ एप्रिल १९५७ नंतर नवा पैसा, दीड ग्रॅमचा. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै, हा हिशेब ज्यांच्या तोंडी होता त्यांची पिढी नव्या पैशावर रागावलेली होती, असे आत्या सांगते.

धुणे

पहिली शिवराई मी चिंचेने घासली. तांब्याची भांडी घासतात तशी. लख्ख निघाली, नव्या तांब्यासारखी गुलाबी, आणि ‘राजा’तला ‘जा’ कायमचा गेला. अक्षर त्या हिरव्या-काळ्या पापुद्र्यातच उरले होते. तेव्हा चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, काही नको. शुद्ध पाण्यात, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात, दोन-तीन दिवस ठेवा, पाणी रोज बदला. माती मऊ झाली की बांबूच्या काडीने किंवा बाभळीच्या काट्याने भिंगाखाली एकेक कण सोडवा. जिथे अडते तिथे सोडून द्या. मग सावलीत पूर्ण वाळवा.

घट्ट, गुळगुळीत हिरवा थर चांगला. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी सुटत असेल तर क्षारांमुळे नाणे आतून खाल्ले जात आहे. ते बाकीच्यांपासून वेगळे करा, कोरड्या डबीत सिलिका जेल टाकून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात कोणतेच नाणे ठेवू नये, वर्षभरात चिकट हिरवे होते. कागदाचे पाकीट उत्तम.

पाकिटावर काय लिहायचे

क्रमांक, तारीख, चौकोन, दोन अंतरे, खोली, वजन, व्यास, आणि शेवटी घरातल्यांचे म्हणणे. नमुन्याला आमचे एक:

‘क्र. १४. २२ नोव्हेंबर. चौकोन ३. उंबरठ्यापासून ६.१० मी., विहिरीच्या काठापासून ३.८५ मी. खोली ११ सेंमी. पाव आणा, व्हिक्टोरिया, वर्ष वाचता येत नाही. ६.२ ग्रॅम. शेजारी दोन खिळे. आत्याचे म्हणणे: मामंजींचाच असणार, त्यापायी धाकट्या दिरांनी मार खाल्लाय.’